पाहुण्यांपुरते दात

सुनेने डबी उघडून सासूबाईंपुढे धरली. "घाला लवकर. तुमची मैत्रीण आलीय, बाहेर बसलीय."

म्हातारीने घाईघाईने कवळी बसवली. पाहुणे आले की दात तोंडात, गेले की कपाटात, असा या घरचा रिवाज होता. "तुम्ही कुठेही काढून ठेवता, हरवतील," सून म्हणायची. एकदा हरवली होती खरी, पण उशीखालीच सापडली. तेव्हापासून जेवण मिक्सरमधून येऊ लागलं. बिनदातांचं बोलणं कुणाला कळेना, मग कुणी विचारेनासं झालं. मुलगासुद्धा दारातूनच डोकावून जायचा.

मारत नव्हतं कुणी. टाकून बोलत नव्हतं. पोटालाही वेळच्या वेळी होतं. मग तक्रार करायची तरी कशाची? जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी जोडून दिलेल्या बाईला या प्रकाराला द्यायला नाव सापडत नव्हतं.

मैत्रीण एक्स्चेंजमधलीच, शेजारच्या खुर्चीवरची. तिने सफरचंदं आणली होती. म्हातारीने एक अख्खं खाल्लं, लगेच दुसरं उचललं.

"अगं, सावकाश. पळून चाललंय का ते?" मैत्रीण हसली. "तब्येत झकास आहे की. नशीब काढलंस, अशी सून मिळाली."

सून समोर बसून गोड हसत होती आणि जागची हलत नव्हती. म्हातारीच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण घरातलं चव्हाट्यावर मांडायला जीभ रेटेना. जिवाभावाची मैत्रीण हाताच्या अंतरावर होती, तरी तिला फार एकटं वाटलं.

गप्पा सरल्या. मैत्रीण उठून दाराशी गेली, चपला पायात सरकवू लागली. म्हातारी भिंतीला धरून तिच्यामागे आली. तिने कवळी काढली, रुमालाने पुसली आणि मैत्रिणीच्या देखत सुनेच्या हातावर ठेवली.

"घे. पाहुणी चालली," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "ठेव कपाटात."

सुनेला त्यातलं निम्मंच कळलं असेल. पण खरखरत्या लायनीवरचं बोलणं पकडण्यात मैत्रिणीची उभी हयात गेली होती. तिला अक्षर न् अक्षर कळलं. ती सुनेच्या मिटलेल्या मुठीकडे बघत राहिली. मग तिने चपला काढल्या.

"मी कुठे चाललेय?" ती सुनेला म्हणाली. "आण ते दात इकडे. आम्ही दोघी जेवायला बसतोय."