काचेपलीकडचं यंत्र

"आजी, डोकं मागं. डोळ्यांत पाणी येईल, पण हलू नका," म्हणत विमानतळावरच्या पांढऱ्या सूटमधल्या मुलीनं द्वारकाताईंच्या नाकात काडी फिरवली. कोरोनाच्या चाचणीत काही निघालं नाही, तरच विमानात पाऊल ठेवता येणार होतं. दुबईत थोरली बहीण शेवटच्या घटका मोजत होती. हे त्यांनी त्या मुलीलाही सांगून टाकलं होतं.

लहानपणी देवीच्या साथीत वडिलांची बोट अशीच बंदराबाहेर अडवली होती. डॉक्टर होडीतून जायचे, एकेकाचं अंग न्याहाळायचे, पुरळ उठतं का याची वाट पाहायचे. वडील ठणठणीत होते, पण ते कळायला पंधरवडा गेला. तोवर इकडे त्यांची आई वाटेकडे डोळे लावूनच वारली.

अर्ध्या तासात मुलगी परत आली. "निगेटिव्ह, आजी."

"इतक्यात? कुठल्या डॉक्टरांनी पाहिलं?"

"त्यानं."

काचेपलीकडे मिक्सरएवढं एक यंत्र होतं. द्वारकाताई विमान विसरून त्याच्याकडे पाहत राहिल्या. पदर सावरून त्यांनी हात जोडले.

"सकाळपासून लोकांच्या शिव्याच खातेय," मुलगी हसली. "नमस्कार पहिलाच. पळा आता, बहीण वाट बघतेय."