घाटातली चाचणी

“मायलेज वाढलंय ना? मग तक्रार कसली?” सर्व्हिस सेंटरच्या मॅनेजरनं मान वर न करताच विचारलं.

“नवं सॉफ्टवेअर टाकल्यापासून गाडी चढाला ओढतच नाही. काल ओव्हरटेक करताना मरता मरता वाचले.”

“बाई, हायब्रिड चालवायला शिकावं लागतं.”

वीस वर्षं कुंभार्ली घाटात टॅक्सी चालवणाऱ्या हेमलताचं डोकंच सणकलं. “चला, तुम्हीच चालवून दाखवा!”

चढावर त्यानं टँकरला मागे टाकायला गाडी उजवीकडे घातली, तोच समोरून एसटी आली. ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी रेंगाळली. ब्रेक मारून तो कसाबसा टँकरमागे शिरला.

कडेला थांबून त्यानं इंजिन बंद केलं. “आजच पुन्हा जुनं सॉफ्टवेअर बसवून देतो, ताई.”

“आणि हे नवं टाकलेल्या बाकीच्या गाड्यांत?”

त्यानं गाडी सुरू करायला हात पुढे केला. हेमलतानं किल्ली काढून घेतली. “एकेका गाडीमालकाला फोन लावा. तोवर गाडी इथून हलायची नाही.”