डार्सी का ओरडतो

पिकअपचा आवाज कोपऱ्यावर आला आणि डार्सी किंचाळायला लागला.

टेगन स्वयंपाकघरात भिंतीशी खुर्ची टाकून बसली होती. ती हलली नाही. स्वमग्न मुलांचं वागणं बघायचं आणि त्याचं कारण शोधायचं, हे तिचं काम. बघताना मधे लुडबुड करायची नाही, हा त्या कामाचा पहिला नियम.

आठ वर्षांचा डार्सी बोलत नसे. इतका वेळ तो हात मांडीवर ठेवून गप्प बसला होता. आता टेबल बडवत होता, स्वतःचं मनगट चावत होता. घरचे कामावर असताना त्याला सांभाळणाऱ्या, शेजारच्या घरातल्या डोरीनने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर आवाज आणखी चढला.

बाहेर पिकअप कचकन थांबली. डार्सीच्या आईचा जोडीदार व्हिली पायऱ्या चढून धावतच आत आला. फिजीचा धिप्पाड गडी, साखर कारखान्यातून थेट आलेला, बूट मळीने काळे झालेले.

"काय झालं? काय झालं याला?"

"बघितलंस ना पोरी?" डोरीन टेगनला म्हणाल्या. "रोज असाच घुसतो, उधळलेल्या बैलासारखा. पोर घाबरेल नाही तर काय ओवाळेल? व्हिली, जा बाबा, आधी अंघोळ कर."

व्हिलीने मान खाली घातली आणि तो न्हाणीघरात गेला. पोर सांभाळायची पाळी संपली म्हणून डोरीननेही विणकामाची पिशवी उचलली आणि त्या कुंपणापलीकडे आपल्या घरी गेल्या. डार्सीचं ओरडणं हळूहळू थांबलं.

व्हिली नजरेआड झाला की पोर शांत होतं. टेगनने आठवडाभर हेच पाहिलं. शिकलेल्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर फार भरवसा असतो, आणि टेगन चांगली शिकलेली होती.

डार्सीची आई केरिन वृद्धाश्रमात कामाला होती. तिच्या चहाच्या सुट्टीत टेगन आणि ती तिथल्याच मागच्या बाकावर बसल्या. गळिताचा हंगाम होता, वाळत घातलेल्या चादरींवर काजळी उतरत होती.

"कुठल्याही वागण्यामागे दोनच कारणं असतात, केरिन. काहीतरी हवं असतं, नाहीतर काहीतरी टाळायचं असतं."

"मग डार्सीला काय टाळायचंय?"

"त्याच्या दंडावर मागच्या बाजूला वळ आहेत. मनगटावरचे त्याचे स्वतःचे. पण दंडाच्या मागे कुणाचे दात पोचत नाहीत."

केरिनने कप बाकावर ठेवला. "व्हिलीने त्याला कधी बोट लावलेलं नाही. सख्खा बाप सोडून गेला, त्याच्यापेक्षा लाख पटीने जपतो तो."

"तू बघायला घरी असतेस का?"

केरिनला रडू कोसळलं.

"तो घरात राहिला तर मला बालसंरक्षण खात्याला कळवावं लागेल," टेगन म्हणाली. "मग ते डार्सीलाच घेऊन जातील. तू ठरव."

कुठली आई काय ठरवेल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

व्हिलीने भांडण केलं नाही. कपडे बॅगेत भरताना एवढंच म्हणाला, "कोपऱ्यावर मला त्याचं ओरडणं ऐकू येतं आणि मी पळत सुटतो. याच्यापलीकडे मला काही माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं."

"निघ आता," केरिन म्हणाली. त्याच्याकडे बघायची तिची हिंमत नव्हती. तो गेल्यावर त्याची उशी तिने कपाटात कोंबली.

त्या दिवसापासून डार्सीचं ओरडणं बंद झालं.

आता केरिन कामावरून येईपर्यंत डोरीनच थांबत. आयुष्यभर शाळेतली पोरं सांभाळलेली बाई, एक सेंटही घेत नव्हती. केरिन म्हणे, यांचे उपकार मी कुठे फेडू? डार्सी तासन्‌तास खुर्चीत बसून राही. जेवण मात्र कमी झालं होतं, आणि अंथरूण पुन्हा ओलं व्हायला लागलं होतं.

"बदल पचायला वेळ लागतो," टेगनने केरिनची समजूत घातली. स्वतःचीही घातली.

शेवटच्या भेटीला ती गेली तेव्हा डोरीन ओसरीवर विणत होत्या. डार्सी शेजारी बसला होता.

"कसा आहे?"

"गुणी बाळ आहे माझं. आवाज म्हणून नाही."

टेगनला बरं वाटलं. आपल्या धंद्यात असे दिवस थोडे, असं तिच्या मनात आलं.

तेवढ्यात कोपऱ्यावर पिकअपचा आवाज आला.

व्हिली अवजारांची पेटी न्यायला आला होता. केरिनने ती कुंपणाबाहेर ठेवली होती. त्याने फाटकाला हातही लावला नाही. इंजिन चालूच ठेवून, खाली मान घालून तो पेटी उचलत होता.

डार्सी उठला आणि किंचाळला. सगळा घसा फोडून.

"बघ, अजून भीती गेली नाही," डोरीन म्हणाल्या, आणि त्यांनी चटकन त्याचा दंड मागून धरला. "आत चल, राजा."

"सोडा त्याला," टेगन म्हणाली. कुठे पळतो ते तिला बघायचं होतं. घरात पळेल, पलंगाखाली शिरेल, असा तिचा अंदाज होता. "सोडा म्हणते ना, डोरीन."

डोरीनने सोडलं नाही. डार्सीने त्यांच्या हाताला कडकडून चावा घेतला आणि अनवाणी पायऱ्या उतरून धावला, थेट फाटकाबाहेर. पेटी व्हिलीच्या हातातून पडली. डार्सीने त्याचा शर्ट धरून त्याला गाडीकडे ओढलं, आधी त्याला आत ढकललं, मागोमाग स्वतः चढला, आणि डोरीन पायऱ्या उतरून फाटकाशी पोचायच्या आत काच वर करून दार आतून बंद केलं.