शर्वी उतरली का?

पृथ्वीचं चुंबकीय कवच विरळ झाल्यापासून मुलांनी बाहेर कधी खेळायचं, हे मृण्मयीचा विभाग ठरवायचा. पूर्वी ती गुरू ग्रहाच्या कवचाचा अभ्यास करायची. तिथं अंदाज चुकला तरी कुणाचं मूल आजारी पडत नव्हतं.

आज ‘आकाश सुरक्षित’ ही सूचना तिच्याच सहीनं निघाली होती. तरी सोसायटीतलं एकही दार उघडलं नव्हतं. नुसत्या सूचनेवर कुणाचा भरवसा नसे. मृण्मयीची शर्वी खाली उतरली, की मगच बाकीच्या आया आपली मुलं सोडायच्या.

शर्वी बूट घालून दारात उभी होती, पण मृण्मयीचा हात कडीवरच अडकला होता. किरणोत्साराचे सकाळचे आकडे तिला पटले नव्हते. पोरं किती दिवस कोंडलेली, म्हणून तिनं सही करून टाकली होती.

समोरच्या खिडकीच्या फटीतून टिळेकरवहिनींनी हाक मारली, "काय हो शास्त्रज्ञबाई, लेक कुठंय? आमची कार्टी दार फोडेल आता."

"तिला जरा कणकण आहे," मृण्मयी बोलून गेली.

"एवढंच ना? मला मेलीला वाटलं, वरच काही बिघडलंय." वहिनी हसल्या आणि आत वळून म्हणाल्या, "जा गं, सूट एकदाची."

खालचं दार करकरलं. मृण्मयीनं खिडकी सताड उघडली.

"वहिनी, तिला आत घ्या. शर्वीला काही झालेलं नाही. सही माझी आहे, पण त्या आकड्यांवर माझाच विश्वास नाही."

वहिनी जिन्याकडे धावल्या. बाकीच्या खिडक्यांतल्या आया मात्र मृण्मयीकडे बघत राहिल्या.