जाहिरातीतली गुलझात

इंग्लंडमधल्या हेरफर्डच्या त्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यात हळू तोडणीबद्दल तीन ताकिदी मिळाल्या की सामान बांधून मायदेशी परत जायचं. किर्गिझस्तानच्या गुलझातला दोन मिळाल्या होत्या, म्हणून ती पहाटेपासून मान वर न करता तोडत होती. तेवढ्यात मालक कॅमेरावाल्याला घेऊन तिच्या ओळीत आले. मळ्याच्या जाहिरातीसाठी त्यांना हसरा चेहरा हवा होता.

"घाई नको. एकेक फळ अलगद तोडा, जरा वास घ्या, हसा," कॅमेरावाला सांगत होता आणि मालक मान डोलवत होते. दुपारपर्यंत गुलझात हसत राहिली.

"आता तू मळ्याची राणी. तुला कोण घालवतंय?" शेजारच्या ओळीतून बुरुलताईने चिडवलं.

संध्याकाळी मुकादम स्टोयानने तिच्या हातात तिसरी ताकीद ठेवली.

"अहो, मालक तिथंच उभे होते," गुलझात रडकुंडीला आली. "त्यांना विचारा ना."

"विचारलं की," स्टोयान खाली बघत म्हणाला.



"त्यांनी फिल्म दोनदा पाहिली. म्हणाले, झालीय सुरेख, पण ही बाई कामाच्या वेळात फळांचे वास घेत बसते."