ताण शून्य

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलं, हे संशोधकांना भर व्याख्यानात आठवलं. विषय होता भरकटणारं मन आणि रोजचा ताण. बोलता बोलता ते गप्प झाले. श्रोत्यांना वाटलं, वक्ता मुरलेला आहे.

पत्र साधंच होतं. 'तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहिते. बाबा आता अंथरुणातच असतात. सारखे दाराकडे बघतात. एक दिवस तरी येऊन जा. आणि तुझा तो प्रश्न बंद कर रे एकदाचा. बाबांना कुशीवर वळवायला घेतलं की नेमका वाजतो.'

तो प्रश्न म्हणजे संशोधकांची जन्माची कमाई. निवडलेल्या माणसांचे फोन दिवसातून केव्हाही किणकिणत आणि पडद्यावर ओळ उमटे : आत्ता तुमचं मन कुठे आहे? ताण किती आहे? आजाऱ्याची सेवा करणारं कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी ताईलाच यादीत घातलं होतं. घरचं माणूस, नाही कशाला म्हणेल?

"आता हा आलेख पाहा," ते म्हणाले. "घरात अंथरुणाला खिळलेले वडील. करणारी मुलगी एकटी. सुरुवातीला ताण पार छताला टेकलेला, मन दाही दिशांना. आणि या महिन्यात? ताण शून्य. मन कुठे आहे, तर प्रत्येक वेळी एकच उत्तर : इथेच. आम्ही औषध काय दिलं? काही नाही. फक्त विचारलं!"

टाळ्या थांबेनात.

चहाच्या वेळी सहकारी बाई जवळ आल्या. "सर, शून्य काही मला पटत नाही. छापण्याआधी एकदा फोन तरी करा. तुमच्या ताईच आहेत ना त्या?"

"संशोधनात नाती आणू नयेत," संशोधक म्हणाले. पण शून्य त्यांनाही खुपत होतं. त्यांनी फोन लावला.

"आज सूर्य पश्चिमेला उगवला वाटतं!" ताई म्हणाली.

"ताई, तुझी उत्तरं एकदम बदलली कशी?"

"माझी? मला मेलीला वेळ कुठला! फोन बाबांनी बळकावलाय. उशाखालीच असतो. वाजला की चेहरा असा फुलतो म्हणून सांगू! 'पोरगा विचारतोय गं,' म्हणतात. 'इथेच आहे रे, जातोय कुठे,' असं मोठ्यानं बोलून मग बोटानं दाबत बसतात. ताण विचारलास की शून्य. तुला काळजी नको म्हणून. मग, कधी येतोस?"

संशोधकांना हुंदका आवरेना. "कळवतो," एवढंच कसंबसं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

खोलीत जाऊन ते तडक लिहायला बसले. कित्येक वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं मन जराही भरकटलं नाही. पाकिटावर तिकीट त्यांनी स्वतः चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीपर्यंत स्वतः चालत जाऊन पत्र आत सोडलं.

'प्रिय ताई, उशिराबद्दल क्षमा कर. बाबांना काय हवंय ते मला आज कळलं. उद्यापासून त्यांचे प्रश्न दुप्पट केले आहेत.'