हाडाचा फोटो

सागाचा दांडका कवडूच्या मनगटावर बसला आणि सायकलरिक्षाच्या हँडलवरची त्याची पकड सुटली. दुसरा पाठीत बसला. तिसऱ्याला तो चाकाशी कोसळला.

“बोल, काहून मारलं माह्या सुलतानले?” देवरावांचा आवाज त्यांच्या लाकूड कापायच्या आरामशीनच्या घरघरीवर चढला होता.

“मी नाही मारलं जी. पोराची आन.”

लकडगंजात देवरावांना आवरायला कोणी पुढं येत नसे. त्यांचा अल्सेशियन फाटकाशी तीन पायांवर उभा होता. पुढचा उजवा पाय त्यानं उचलून धरला होता आणि पंजाच्या वर मोसंबीएवढी सूज होती. महिन्यापूर्वी सुलतान अंगावर धावून आला तेव्हा कवडूनं दगड उचलला होता, हे देवरावांनी डोळ्यांनी पाहिलेलं. त्यांना तेवढं पुरेसं होतं. पोलीस ठाण्यात पुरलं नसतं, तिथं पुरावा लागला असता.

“ऊठ. त्याले रिक्षात घे. पायाचा फोटो काढू, मंग पाहतो तुले.”

कवडूनं एका हातानं रिक्षा हाकली. मे महिन्याचं ऊन डांबरातून वर येत होतं. मागं देवराव, त्यांच्या मांडीवर सुलतानचं डोकं. खड्डा आला की कुत्रं विव्हळायचं आणि देवरावांची लाथ कवडूच्या कमरेत बसायची.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर सुभेदारांनी शिशाचे जड एप्रन काढले. एक स्वतः चढवला, दोन देवरावांच्या आणि कवडूच्या गळ्यात अडकवले. “तोंड बांधा त्याचं. तुम्ही पुढून धरा, तू मागचे पाय.”

दुखरा पाय प्लेटवर सरळ करताच सुलतान उसळला. तोंडाची पट्टी सुटली. त्याचे दात देवरावांच्या दंडात रुतले आणि रक्त टेबलावरून फरशीवर ठिबकलं. देवरावांनी त्याच्या नाकाडावर ठोसा मारला. मग वळून कवडूच्या कानशिलात ठेवून दिली.

“पाय काहून सोडले बे?”

“एकच हात चालून राहिला जी.”

“पुन्हा हात उचललात तर याला आणि कुत्र्याला ठेवून तुम्हाला बाहेर काढीन,” डॉक्टर म्हणाले. त्यांनी स्वतः पट्टी आवळली. यंत्र गुणगुणलं, खटका पडला.

फिल्म धुऊन यायला वेळ लागला. ओली, टपटपती फिल्म डॉक्टरांनी दिव्याच्या काचेवर लावली.

“मोडलं ना? लिहा तसं. यानंच मोडलं.”

“मोडलेलं नाही. पोखरलंय. इकडे या, नीट पाहा. तुमचा लाकडाचा धंदा आहे, तुम्हाला कळेल.”

देवराव वाकले. वरून धड दिसणारे आणि आरीखाली गेल्यावर भुगा होणारे ओंडके त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. त्यांना खरंच कळलं.

“कॅन्सर आहे,” डॉक्टर म्हणाले. “मारानं हाड असं होत नाही. बरेच दिवस आतून चाललं असेल.”

“मंग शेक द्या. माह्या मावशीले दिला होता, कोबाल्टचा.”

“ते किरणांचं मशीन माणसांचं. तिथं, कॅन्सरच्या दवाखान्यात, बाया व्हरांड्यात पथारी टाकून नंबर लावतात. बाहेरदेशी कुत्र्यांनाही देतात म्हणे. इथं मी फक्त पाय कापू शकतो. छातीत उतरला नसेल तर काही महिने काढेल.”

“मी बोलतो तिथं. माही ओळख आहे.”

“ओळखीनं कोणाचा नंबर काढणार? कुठल्या बाईचा?”

देवरावांनी भिंतीवर मूठ आपटली. एकदा, दोनदा, बोटांची सालं निघेपर्यंत. नंतर ते स्टुलावर बसले. दंडातलं रक्त एप्रनवरून खाली ओघळत होतं, ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

कवडू दाराशी उभा होता. “म्हंजे मी नाही मारलं ना, डॉक्टरसाहेब?”

“नाही.”

“मंग तसं लिहून द्या जी.”

डॉक्टर कागद घ्यायला वळले आणि थबकले. कवडूचं मनगट फुगून हात कोपरापर्यंत निळा झाला होता. “इकडे ये,” ते म्हणाले. त्यांनी सुलतानला टेबलाखाली उतरवलं, टेबलावरचं रक्त पुसलं आणि तो हात नव्या प्लेटवर ठेवला. “हलू नको.”

कवडू हलला नाही. ओठ मात्र त्यानं दातांखाली चावून धरला.

दुसरी फिल्म पहिलीच्या शेजारी लागली. मनगटाच्या वर पांढऱ्या हाडातून काळी चीर आरपार गेली होती.

“हे मारानं,” डॉक्टर म्हणाले. कोणाच्या, ते त्यांनी विचारलं नाही.

देवराव स्टुलावरून उठले. याला आत्ताच मोठ्या दवाखान्यात न्यायचं, प्लास्टर घालायचं, वेळ पडली तर रिक्षा आपण ओढायची. मनात हे सगळं ठरलं. मग त्यांनी कवडूच्या खांद्यावर ठेवायला हात उचलला.

कवडू झटकन खाली बसला, मोडका हात डोक्यावर धरून. आणि टेबलाखाली सुलताननं कान पाडून डोळे घट्ट मिटले.